बारा बोअर की वीस? शॉटगनचा गेज म्हणजे काय आणि तो निवडतात कसा?

५ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिम्पिकमधली स्कीट मिश्र सांघिक ब्राँझपदकाची लढत. एका बाजूला चीनची जोडी, दुसऱ्या बाजूला आपले महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका. निकाल लागला ४४-४३. फक्त एका बशीनं भारताचं पदक हुकलं.

त्या दिवशी रायफल-पिस्तूलपलीकडची ही नेमबाजी अनेकांनी पहिल्यांदाच नीट पाहिली. हवेत भिरभिरत जाणारी बशी, खांद्याला लावलेली लांब दुनळी बंदूक आणि एका बारात बशीचा भुगा. या बंदुकीला म्हणतात शॉटगन. तिच्याबद्दल पहिला प्रश्न येतो तो हाच, की ही किती बोअरची?

आपल्याकडे 'बारा बोअर' हा शब्द गावोगावी माहीत आहे. कोकणात शेतीच्या संरक्षणासाठी परवान्याची बंदूक असलेली घरं आजही सापडतात. पण हे बारा म्हणजे नक्की काय? बारा मिलिमीटर? बारा गोळ्या? आणि अमेरिकेत पक्ष्यांच्या शिकारीला जाणारा माणूस बारा सोडून वीस किंवा अठ्ठावीस का उचलतो?

सगळं सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधी हे बारा कुठून आलं?

बोअर आणि गेज हे एकाच गोष्टीचे दोन शब्द. ब्रिटिश बोअर म्हणतात, अमेरिकन गेज म्हणतात. दोन्हींचा अर्थ नळीचं तोंड किती रुंद आहे.

पण हे माप इंचात किंवा मिलिमीटरमध्ये नाही. ते वजनावरून आलेलं जुनं माप आहे. एक पौंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम शिसं घ्या. त्याचे १२ सारखे गोल गोळे करा. त्यातला एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल ती १२ गेज. २० गोळे केले तर प्रत्येक गोळा लहान होणार, म्हणून २० गेजची नळी १२ पेक्षा अरुंद.

म्हणजे इथं आकडा वाढला की नळी बारीक होते. नव्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो.

- १० गेज: सुमारे १९.७ मिमी
- १२ गेज: सुमारे १८.५ मिमी
- १६ गेज: सुमारे १६.८ मिमी
- २० गेज: सुमारे १५.६ मिमी
- २८ गेज: सुमारे १४ मिमी
- फोर-टेन (.४१०): सुमारे १०.४ मिमी

यातला शेवटचा मासा वेगळा. फोर-टेन हा गेज नाहीच, ते नळीचं इंचातलं माप आहे. गोळ्यांच्या हिशोबात बसवला तर तो ६७-६८ गेजच्या आसपास जाईल.

गेजनं नेमका काय फरक पडतो?

रायफलमधून एक गोळी सुटते. शॉटगनच्या काडतुसात मात्र शेकडो बारीक छरे भरलेले असतात. ते नळीतून बाहेर पडले की हळूहळू पसरत जातात. उडत्या लक्ष्यावर एक गोळी मारणं जवळपास अशक्य, म्हणून ही छऱ्यांची फवारणी.

बहुतेकांना वाटतं की १२ गेजचे छरे जास्त जोरात जातात आणि फोर-टेनचे हळू. तसं नाही. साध्या काडतुसांमध्ये सुटतानाचा वेग साधारण सारखाच असतो, सेकंदाला ३५० ते ४०० मीटरच्या आसपास. एकाच आकाराचा एक छरा १२ गेजमधून आला काय आणि फोर-टेनमधून आला काय, त्याचा मार तेवढाच.

फरक पडतो तो छऱ्यांच्या संख्येत.

अमेरिकन मोजणीत ८ नंबरचा शिशाचा छरा सव्वादोन मिमीपेक्षा किंचित मोठा असतो. एका औंसात, म्हणजे सुमारे २८ ग्रॅममध्ये, असे ४१० च्या आसपास छरे मावतात. १२ गेजचं नेहमीचं काडतूस एवढं भरलेलं असतं. २८ गेजच्या पाऊण औंसात साधारण ३०७ छरे येतात. फोर-टेनच्या अर्ध्या औंसात २०५.

आता थोडं गणित. नळीच्या तोंडाशी असलेल्या आवळपणाला चोक म्हणतात. मध्यम चोक असेल तर सुमारे ३६ मीटरवर ६० टक्के छरे ७६ सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळात पडावेत, असं जुनं प्रमाण आहे. १२ गेजचे त्या वर्तुळात सुमारे २४६ छरे पडतील, फोर-टेनचे १२३.

ऑलिम्पिकची बशी ११ सेंटीमीटर रुंद आणि अडीच सेंटीमीटरच्या आसपास उंच असते. ती कडेनं दिसत असेल तर छऱ्यांना मिळणारी जागा जेमतेम २७-२८ चौरस सेंटीमीटर. वर्तुळभर छरे सारखे पसरले असं धरलं, तर १२ गेजमध्ये त्या बशीच्या वाट्याला सरासरी दीड छरा येतो. फोर-टेनमध्ये पाऊण!

प्रत्यक्षात छरे मधोमध दाट आणि कडेला विरळ असतात, पण मुद्दा कळला असेल. नेम बरोबर असूनही बशी छऱ्यांच्या मधल्या फटीतून सहीसलामत निघून जाऊ शकते. गेज जितका बारीक, तितक्या या फटी मोठ्या.

आणि हो, 'बारा बोअरचे छरे जास्त पसरतात' हाही गैरसमज. किती पसरायचं ते मुख्यतः चोक ठरवतो. छऱ्यांचा घेर दोन्हीकडे साधारण सारखाच असतो, १२ गेजमध्ये तो जास्त भरलेला असतो इतकंच.

मग नवशिक्याला लहान बंदूक द्यावी ना?

इथेच सगळ्यात मोठी चूक होते.

घरातला लहान मुलगा, सडपातळ मुलगी किंवा पहिल्यांदा बार उडवणारा माणूस आला, की लोक त्याच्या हातात फोर-टेन देतात. 'लहान आहे, धक्का कमी बसेल.' धक्का कमी बसतो हे खरं. पण छरे अर्धे असल्यामुळे बशा फुटत नाहीत. दहा बार हुकले की माणसाला वाटतं आपल्याला हे जमणारच नाही आणि तो बंदूक खाली ठेवतो. फोर-टेन ही दिसायला मुलांची, पण खरं तर मुरलेल्या नेमबाजांची बंदूक आहे.

दुसरा मुद्दा धक्क्याचा. धक्का नुसत्या गेजवर ठरत नाही. किती वजनाचे छरे किती वेगानं बाहेर पडले आणि बंदूक किती जड आहे, यावर तो ठरतो.

समजा, ३.६ किलोची १२ गेजची बंदूक आहे आणि काडतुसात २४ ग्रॅम छरे. दुसरी २.७ किलोची हलकी २० गेज, तिच्यात २५ ग्रॅम छरे. वेग सारखा धरला तर दुसऱ्या बंदुकीच्या धक्क्याची ऊर्जा पहिलीच्या जवळपास दीडपट भरते. म्हणजे 'लहान' वीसच खांद्याला जास्त लागते.

त्यामुळे नवशिक्यासाठी चांगला पर्याय दोनपैकी एक. जड १२ गेज आणि तिच्यात हलकं, २४ ग्रॅमचं काडतूस. नाहीतर अंगापिंडानं लहान माणसासाठी थोडी वजनदार २० गेज. बारानंतर धक्का कमी हवा असेल तर गॅसवर चालणारी सेमी-ऑटोमॅटिक बंदूक मदत करते, कारण तिच्यात धक्का थोडा लांबत जातो आणि खांद्याला सौम्य वाटतो.

गेजच्याही आधी बघायची गोष्ट म्हणजे दस्ता अंगाला बसतो का. लांब दस्ता बगलेत अडकतो. आखूड असेल तर अंगठा नाकावर आदळतो. बंदूक न बसणाऱ्या माणसाला कुठलाही गेज सुखाचा वाटत नाही.

बशांच्या खेळात कोणता गेज चालतो?

या बशांना क्ले म्हणतात, पण त्या मातीच्या नसतात. चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा चिकट पदार्थ मिसळून त्या बनवतात. आणि त्यांना क्ले पिजन का म्हणतात? कारण पूर्वी खरी कबुतरं सोडून त्यांच्यावर नेम धरायचे. १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळी जिवंत कबुतरांवर नेमबाजी झाली होती. पुढे त्यांची जागा बशांनी घेतली.

ऑलिम्पिकमध्ये सध्या ट्रॅप आणि स्कीट हे प्रकार आहेत. ट्रॅपमध्ये बशी नेमबाजापासून लांब पळत जाते. स्कीटमध्ये ती डावी-उजवीकडून समोरून आडवी जाते. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला रौप्यपदक जिंकलं तो डबल ट्रॅप, एका वेळी दोन बशांचा. स्वतंत्र भारताचं ऑलिम्पिकमधलं ते पहिलं वैयक्तिक रौप्य. २०१६ च्या रिओनंतर हा प्रकार ऑलिम्पिकमधून गेला.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १२ पेक्षा मोठा गेज चालत नाही. लहान चालतो, पण कोणी वापरत नाही. कारण काडतुसातल्या छऱ्यांचं वजनही २४ ग्रॅमच्या आसपास बांधून दिलेलं आहे आणि तेवढे छरे १२ गेजच्या जड बंदुकीतून सगळ्यात सुखानं सुटतात. जिथं एका बशीवर पदक जातं, तिथं मुद्दाम अवघड वाट कोण धरेल?

अमेरिकेतला स्कीट मात्र वेगळा. तिथं १२, २०, २८ आणि फोर-टेन अशा चार स्वतंत्र गटांत स्पर्धा होतात. या चौघांत १६ गेजला जागाच मिळाली नाही. एकेकाळी लोकप्रिय असलेला १६ गेज मागे पडला, त्यामागे हे एक मोठं कारण मानलं जातं. आज तिथं १६ च्या काडतुसांसाठी दुकानं पालथी घालावी लागतात.

आता शिकारीकडे

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. भारतात हौस म्हणून पक्ष्यांची शिकार करणं गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तित्तर, लावा, रानकोंबडा अशा पक्ष्यांना संरक्षण दिलंय. परवान्याची बंदूक घरात आहे म्हणून शिकारीची मुभा मिळत नाही. तेव्हा पुढचं सगळं अमेरिकेबद्दल, जिथं परवाना, ठरलेला हंगाम आणि रोजची मर्यादा पाळून ही शिकार कायदेशीर आहे.

तिथं 'अपलँड' शिकार म्हणजे पाणथळ सोडून माळरान, गवत, झुडपं, डोंगरउतार इथं राहणाऱ्या पक्ष्यांची शिकार. कुत्रा पुढे चालतो, वास घेतो, पक्षी भर्रकन उडतो आणि शिकाऱ्याकडे दोन-तीन सेकंद असतात.

इथं गेज निवडताना खरी जबाबदारी येते. बशी चुकली तर एक गुण जातो. पक्ष्याला दोनच छरे लागले तर तो जायबंदी होऊन झाडीत पडतो, सापडत नाही आणि तडफडून मरतो. जाणते शिकारी म्हणूनच पुरेसे छरे आणि योग्य अंतर याबाबत कडक असतात.

फेजंट: मूळचा आशियातला हा पक्षी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला चीनमधून ओरेगनमध्ये नेला गेला आणि तिथं रुजला. आज तो साऊथ डकोटाचा राज्यपक्षी आहे. तिथं फक्त नरच मारता येतो, दिवसाला तीन. नर किलो-सव्वा किलोचा, पिसारा दाट, जीव चिवट. हंगामाच्या शेवटी तो लांबूनच उडतो. इथं १२ गेज, ३२ ते ३५ ग्रॅम छरे आणि ५ किंवा ६ नंबरचा मोठा छरा ही नेहमीची निवड. कुत्रा चांगला असेल आणि पक्षी जवळून उडत असेल तर २० गेजही पुरतो.

बॉबव्हाइट क्वेल: दक्षिणेत, जॉर्जियासारख्या राज्यांत. आपल्या लाव्याच्या चुलतभावासारखा, दीड-पावणेदोनशे ग्रॅमचा इवलासा पक्षी. थवा पायाजवळून उडतो, बार २० मीटरच्या आत. इथं २८ गेज राजा. हलकी बंदूक, बारीक छरा आणि खाण्यालायक मांस शिल्लक.

रफ्ड ग्राउस: उत्तरेत मिशिगन, विस्कॉन्सिन, मेनच्या दाट जंगलात. पक्षी दिसतो न दिसतो तोच झाडाआड. हलकी, पटकन खांद्याला लागणारी २० किंवा २८ गेज आणि सैल चोक.

चुकार: हे नाव ओळखीचं वाटलं? हा तोच आपला कवितेतला चकोर. १८९३ च्या सुमारास भारतीय उपखंडातून हे पक्षी अमेरिकेत नेले. आज ते नेवाडा, आयडाहोच्या उघड्या डोंगरांवर राहतात. अर्धा-पाऊण किलोचा हा पक्षी चढावर पळतो आणि उतारावर उडतो. दिवसभर खडकातून चढायचं म्हटल्यावर अर्ध्या किलोचा फरकही जाणवतो, म्हणून बरेच जण २० गेज नेतात. अंतर वाढतं तिथं हलक्या वजनाची १२.

थोडक्यात, शिकारीत आपण बंदूक दिवसभर वाहतो आणि बार मोजके काढतो. बशांच्या खेळात बंदूक थोडी वाहतो आणि बार शंभर-दोनशे काढतो. म्हणून शिकारीची बंदूक हलकी आणि खेळाची साडेतीन-चार किलोची जड. एकच बंदूक दोन्हीकडे सारखीच सुखाची होत नाही.

शिसं नको असेल तर?

शिसं विषारी आहे. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छरे १९९१ पासून देशभर बंद आहेत. कॅलिफोर्नियात २०१९ पासून कुठल्याही शिकारीत शिशाची गोळी किंवा छरा चालत नाही.

पर्याय म्हणून स्टीलचे छरे येतात. पण स्टील शिशापेक्षा हलकं असतं. तेवढाच मार हवा तर छरा मोठा घ्यावा लागतो आणि मोठे छरे काडतुसात कमी मावतात. २८ आणि फोर-टेनमध्ये आधीच जागा कमी, त्यामुळे त्यांची पंचाईत जास्त होते. जिथं शिसं बंद आहे तिथं १२ किंवा २० घेणंच शहाणपणाचं. जुन्या बंदुकीत स्टील वापरण्याआधी ती त्यासाठी बनलीय का, हे बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून तपासून घ्यावं लागतं.

एक चूक, जी जीवावर बेतते

हा भाग घाईत वाचू नका.

१२ गेजच्या बंदुकीत चुकून २० गेजचं काडतूस गेलं तर ते आत घसरतं आणि नळीत पुढे जाऊन अडकतं. मागून बघितलं तर जागा रिकामी दिसते. चाप ओढला, नुसताच 'टक' आवाज आला. माणसाला वाटतं, अरे, काडतूस भरायचंच राहिलं. तो १२ चं काडतूस भरतो, ते मागे नीट बसतं. पुन्हा चाप ओढतो. पुढची वाट बंद असते. नळी फुटते, नेमकी तिथं, जिथं डावा हात असतो.

याच धोक्यामुळे अमेरिकेत २० गेजची काडतुसं पिवळ्या रंगाची बनवतात. पण रंगावर विसंबू नका, सगळ्या देशांत आणि जुन्या साठ्यात हा रंग असेलच असं नाही. साधा नियम: खिशात आणि पिशवीत एका वेळी एकाच गेजची काडतुसं. 'टक' झालं आणि बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून थोडं थांबा, मग बंदूक उघडा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघा.

शिवाय गेज जुळला तरी काडतुसाची लांबी बघावी लागते. ७६ मिमीचं काडतूस ७० मिमीच्या बंदुकीत घालायचं नसतं. हे माप नळीवर कोरलेलं असतं.

मराठी माणसानं लक्षात ठेवायचं काय?

भारतात असाल तर प्रश्न सोपा आहे. इथली काडतुसं, परवाने आणि स्पर्धा सगळं १२ बोअरभोवती फिरतं. १२ बोअरची काडतुसं बनवणारा दारूगोळा कारखाना तर पुण्याच्या खडकीतच आहे. बंदुकीसाठी १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात. खेळ शिकायचा असेल तर बंदूक विकत घेण्याच्या मागे न लागता आधी शॉटगन रेंज असलेला मान्यताप्राप्त क्लब गाठा.

अमेरिकेत नोकरीला किंवा शिकायला असाल तर मात्र जपून. ऑफिसातला मित्र म्हणतो, 'शनिवारी क्ले मारायला चल.' पण एच-१बी, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला तिथल्या संघराज्य कायद्यानं बंदूक किंवा काडतूस बाळगायला बंदी आहे. काही अपवाद आहेत. त्यातला नेहमीचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणं. भाड्यानं घेतलेली किंवा मित्राची बंदूक हातात धरणं हेही 'बाळगणं' ठरू शकतं आणि त्यातून थेट व्हिसावर गदा येऊ शकते. तेव्हा आधी परवाना, गरज वाटली तर वकिलाचा सल्ला, मग रेंज. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही विशिष्ट बंदी लागू नाही, पण राज्याचे नियम असतातच.

शेवटी, एका नजरेत

- पहिल्यांदा शिकताय, बशा फोडायच्या आहेत: जड १२ गेज, हलकं काडतूस.
- अंगानं लहान आहात: २० गेज, पण फार हलकी नको.
- फेजंट, लांबचा बार, स्टीलचे छरे: १२ गेज.
- दिवसभर डोंगर चढायचाय: २० गेज.
- क्वेल, जवळचा बार, हात बसलेला: २८ गेज.
- फोर-टेन: वर्षानुवर्षं नेम मुरल्यावर, स्वतःची परीक्षा म्हणून.
- १६ गेज: आजोबांची मिळाली असेल तर जपा, काडतुसं शोधायची तयारी ठेवा.

२८ आणि फोर-टेनची काडतुसं लहान असूनही बहुतेक ठिकाणी १२ पेक्षा महाग पडतात, हेही खिशाला विचारून घ्या.

आणि कुणी 'बारा बोअर म्हणजे बारा गोळ्या' असं सांगितलं, तर त्याला एक पौंड शिसं आणि बारा गोळ्यांची गोष्ट सांगा. एका अर्थानं तो बरोबरच होता, फक्त त्या बारा गोळ्या बंदुकीत नसतात, तराजूत असतात.